नळीच्या तोंडावरची चकती

धुळ्यातल्या एका संग्रहालयात गेल्या वर्षी बंदुकांचं दालन उघडलं. समोरच्या भिंतीवर एका जगप्रसिद्ध रायफलीच्या रचनाकाराची मोठी तसबीर आहे, छातीवर पदकं. शेजारी त्याच्या समकालीनांच्या तसबिरी, आणि खाली काचेत प्रत्येकाची बंदूक. उद्घाटनाला मला शाल आणि नारळ मिळाला. पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका दुरुस्त करण्यात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून अमळनेरहून मुद्दाम बोलावलं होतं.

शाल खांद्यावर घेऊन मी कोपऱ्यातल्या काचेपाशी आलो आणि तिथेच थांबलो. आत बाभळीच्या दस्त्यात बसवलेली एक ओबडधोबड लोखंडी नळी होती. खालची पट्टी सांगत होती : 'गावठी बंदूक. गुन्हेगाराकडून जप्त.'

ती बंदूक नव्हती. तिला बंदूक मी केलं.

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या एका गावात एक लोहार राहायचा. रानडुकरं येऊन उभा मका लोळवायची. त्यांना पळवायला त्याने ही नळी केली. आत फटाक्याची दारू पेटली की नुसता दणका, बाकी काही नाही. नळीच्या तोंडावर त्याने बारीक भोकांची जाड चकती पक्की बसवली होती. आवाज बाहेर जावा, पण कोणाला आत छर्रे भरता येऊ नयेत. एवढा पुढचा विचार त्याने केला होता.

पोलिसांनी नळी जप्त करून तपासणीसाठी आमच्याकडे आणली. साहेबांनी चकतीवर बोट ठेवलं. "हे असताना ही बंदूक ठरत नाही. काढा."

मी हॅक्सॉ घेतला आणि चकतीसकट नळीचं तोंड कापून टाकलं. मग 'चालू स्थितीतील बंदूक' असा दाखला सही करून दिला. त्याबद्दल मला बढती मिळाली नाही की बक्षीस नाही. मी घाबरलोही नव्हतो. साहेब म्हणाले आणि मी कापलं. लोहार तुरुंगात गेला. सुटून आला तेव्हा आठवडी बाजारात त्याच्याकडून कोणी विळा घेईना. दसऱ्याला आम्ही शस्त्रागारातल्या बंदुका ओळीने मांडून झेंडू-कुंकू वाहायचो, आणि मी मुद्देमालाच्या खोलीकडे पाठ करून उभा राहायचो. तो लोहार आता हयात नाही.

उद्घाटनानंतर मी साक्रीला गेलो. त्याची मुलगी बाजारात विळे-कुऱ्हाडी मांडून बसते. मी कोण ते सांगितलं, कापल्याचंही सांगितलं. ती एका गिऱ्हाईकाची कुऱ्हाड पारखत होती, ती तिने खाली ठेवली नाही. मी मोठ्या उत्साहात म्हणालो, "त्या मोठ्या रचनाकारांच्या रांगेत तुमच्या वडिलांचं नाव लावायला सांगतो."

"नको आबा," ती म्हणाली. "मना बापले त्या रांगम्हा बसाडू नका. त्यानी नळीघाई कोनी मरनं नही."

तिच्या बापाच्या नळीने एकही माणूस मेला नव्हता, हे खरंच होतं. कुऱ्हाड गिऱ्हाईकाला देत ती म्हणाली, "ती पट्टी काढा. आनि कापं कोनी, ते बठ्ठासले सांगा."

दालनाचे प्रमुख एक निवृत्त प्राध्यापक आहेत, सभ्य गृहस्थ. त्यांनी मला चहा दिला आणि कपाटातून माझ्याच दाखल्याची प्रत काढली.

"आबा, तुम्ही लिहिलं तेच आम्ही मांडलं."

"मी खोटं लिहिलं होतं. नळीचं तोंड बघा. लोहार असं वेडंवाकडं कापत नसतो."

"हे जाहीर बोललात तर अडचणीत याल."

"या वयात गुडघेच अडचणीत आहेत, सर. त्यात एक भर."

ते हसले, पण पट्टी हलली नाही. मग मी दर रविवारी एसटीने धुळ्याला जाऊ लागलो. तिकीट काढून आत जातो, कोपऱ्यातल्या काचेपाशी उभा राहतो आणि बठ्ठासले, म्हणजे जो येईल त्या सगळ्यांना, सांगतो. आधी चकतीचं, मग हॅक्सॉचं. कॉलेजची पोरं मोठ्या रायफलीपुढे सेल्फी काढून इकडे येतात. एकाने विचारलं, "आजोबा, साहेबाला नाही म्हणता आलं नसतं का?" आलं असतं, असं सांगितलं. त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही. एकदा पहारेकऱ्याने दंडाला धरून मला बाहेर नेलं. पुढच्या रविवारी मी पुन्हा तिकीट काढलं. तिकीट द्यायला त्यांना नाही म्हणता येत नाही.

परवा प्राध्यापकांचा फोन आला. पट्टी काढली होती. नवी लावली होती : 'रानडुकरं पळवण्यासाठी एका लोहाराने केलेली आवाजाची नळी.'

"झालं ना समाधान? आता रविवारची दगदग नको, आबा. दालनात उगीच वाद होतो."

मी त्यांचे आभार मानले, ते मनापासून होते. पण पट्टी लोहाराबद्दल बोलते, माझ्याबद्दल नाही. कापलेलं तोंड तसंच आहे, आणि ते कोणी कापलं हे तिथे लिहिलेलं नाही. त्या बाईने दोन गोष्टी मागितल्या होत्या, प्राध्यापकांनी एक दिली. दुसरी द्यायची माझ्याकडे आहे.

"येत्या रविवारी येतो, सर," मी म्हणालो. "पुन्हा बाहेर काढायचं असेल, तर त्या पहारेकऱ्याला सांगा, दंड जरा हळू धर."