चिंचेनं घासलेली शिवराई

नांद्याच्या आमच्या सोसायटीत जुन्या नाण्यांचे फोटो नेटवर टाकणारा एक शेजारी होता. खिडकीशी पांढरा कागद धरून तो नाण्यावर असा उजेड पाडायचा, की सूर्यसुद्धा त्याला विचारूनच हलत असावा. घासलं की जुन्या नाण्याची किंमत जाते; म्हणून कुणी नाणं घासून आणलं, की त्याची बोंब हिंजवडीपर्यंत जायची, "अरे, कातडी सोललीस की त्याची!"

एकदा मेंढ्या राखणारी आजी देव्हाऱ्यातली तांब्याची शिवराई घेऊन आली. "फोटू काढायचा म्हनून चिंचंनं घासलीया. दिसंल न्हवं चांगली?"

मी कानात बोटं घातली. शेजाऱ्यानं नाणं हातात घेऊन उलटसुलट केलं.

"छान दिसेल, आजी," म्हणत त्यानं कागद धरला.

नेटवरच्या जाणकारांनी त्याला धुऊन काढलं. त्यानं खाली एवढंच लिहिलं, 'रोज पूजेत असते.'