बर्फावरून सरकणारी घरं

भुताखेतांच्या गोष्टींना मी हसणाऱ्यांतला. मूळचा नागपूरचा, पेशाने इंजिनिअर, सध्या कॅनडात, एडमंटनमध्ये. पण गेल्या जानेवारीतलं हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाहीये...

बायकोला, प्रज्ञाला, सातवा महिना होता. एका शेतकऱ्याकडून बाळासाठी जुना पाळणा घेऊन आम्ही दुपारी परत निघालो. दोन्हीकडे बर्फाने झाकलेली गव्हाची शेतं. अचानक वारा सुटला आणि जमिनीवरचा बर्फ असा उडायला लागला की रस्ता कुठे, शेत कुठे — काही कळेना. फोनला सिग्नल नाही. गाडीत पेट्रोलही कमी. थांबलो तर गारठून मरणार, पुढे गेलो तर रस्त्याकडेच्या चरात.

"अरे, ती घरं बघ! धूर निघतोय," प्रज्ञा म्हणाली.

मला नुसतं पांढरं दिसत होतं. पण जळत्या कोळशाचा वास मलाही आला.

"चल ना त्यांच्या मागे."

"मागे म्हणजे? घरं काय चालली आहेत?"

"हो. सरकतायत."

मी काच पुसून पुन्हा पाहिलं, काहीच नाही. पण ती "डावीकडे... आता सरळ" सांगत गेली आणि मी गाडी नेत गेलो. दुसरं करणार काय? शेवटी समोर ग्रेन एलिव्हेटर दिसला, धान्याचं ते उंच कोठार, आणि त्याच्या पायथ्याशी मोजकी घरं. एवढंच ते गाव.

पहिल्याच दारातल्या आजींनी, मार्था त्यांचं नाव, आम्हाला आत घेतलं, चहा दिला. प्रज्ञाने त्या घरांबद्दल सांगितलं तशी त्यांनी किटली खाली ठेवली.

"तिकडे आता फक्त शेत आहे. गाव आधी तिथे होतं, ओढ्याकाठी. रेल्वे इकडून गेली, मग लोकांनी हिवाळ्यात घरंच्या घरं स्लेजवर चढवली, घोडे जुंपले आणि ओढत इथे आणली. आत बायकापोरं, कोळशाचे स्टोव्ह पेटलेले... माझी आई त्यातल्याच एका घरात जन्मली. वाटेतच."

प्रज्ञा एकदम पांढरी पडली. माझा हात घट्ट धरून मराठीत म्हणाली, "शेवटच्या घरातून एक बाई कण्हत होती रे. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

आमची मुलगी सुखरूप झाली. उडत्या बर्फात डोळ्यांना भास होतात, मान्य. पण भासाच्या मागे गाडी नेऊन माणूस नेमका गावात कसा पोचतो? त्या गावाचं नावही आम्ही तोवर ऐकलेलं नव्हतं. प्रज्ञा म्हणते, विषय सोड. मला सोडवत नाही.