वावरातली गांडुळं

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. याडीजवळ, म्हणजे आईजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं त्या संदेशजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे कारणसुद्धा भित्रेपणाचंच, नाही का?

आमचा बंजाऱ्यांचा तांडा महागावकडे. तांड्यातून यवतमाळला कॉलेजात शिकायला आलेला मी पहिलाच. प्राणिशास्त्र विभागात माशांची एक मोठी काचेची टाकी होती, आणि तिची जबाबदारी सरांनी संदेशवर आणि माझ्यावर टाकली होती. त्या खोलीची किल्ली संदेशकडे असायची. सरांना जिवंत खाद्यावर मासे वाढवून बघायचे होते. म्हणजे गांडुळं – धुऊन, बारीक तुकडे करून, चिमट्याने पाण्यात सोडायची.

संदेश बोरी अरब गावचा, बौद्ध घरातला. पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकलं, "जित्ता जीव माह्या हातानं नाही कापणार बा. तू होय जल्लाद, मी पाणी पाहतो." म्हणून खाद्य माझ्याकडे आलं आणि पाणी बदलणं त्याच्याकडे. नळाचं पाणी बादलीत भरून एक दिवस उघडं ठेवायचं, क्लोरीन उडू द्यायचा आणि मगच टाकीत ओतायचं. यात तो कधी चुकला नाही.

त्या वर्षी मधेच पाऊस थांबला आणि विभागामागची ओली जागा सुकून गेली. मी सरांना ऐटीत म्हणालो, आमच्या वावरातली आणतो. रविवारी घरी गेलो. वावरात कुठेच ओल नव्हती, फक्त विहिरीजवळ थोडा चिखल होता. आणि तिथे गांडुळं खणावी लागलीच नाहीत. ती भर उन्हात मातीवर येऊन पडली होती, काही वळवळत होती, काही नुसतीच. मला आनंद झाला. गांडूळ उन्हात आपण होऊन कशाला येईल? – हा प्रश्न तेव्हा पडला नाही, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो. पडला होता. याडीने तर लांबूनच ओरडून सांगितलं होतं, हात धुऊन घे, तिथे पऱ्हाटीवर विष फवारायचा पंप धुतात. मी हात धुतले.

सोमवारी विभागात डबा उघडला तेव्हा वास आला. उग्र, ओळखीचा वास. पण जिवंत आहेत ना, मग विष कसलं? त्यात सरांसमोर ऐट केलेली. गांडुळं एकदा विसळून घेतली, कापली, टाकीत सोडली. मासे तुटून पडले. संध्याकाळी संदेशने नेहमीसारखं थोडं पाणी बदललं.

मंगळवारी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

पहिला संशय मला स्वतःचाच आला. आणि तो आल्याबरोबर मी दुसरा माणूस शोधायला लागलो. हे किती पटकन होतं! वर्गातली पोरं तर हसतच होती – "संदेशले गांडुळायची दया आली असंल, म्हणून माशायलेच वर धाडलं." मी हसलो नाही. पण वाटलं, कोणी सांगावं? तो खरंच तसा असेल तर? मी त्याच्या हातांकडे बघायला लागलो. तो किल्ली खिशात टाकतो कशी, तेही बघायला लागलो.

सरांनी आम्हाला दोघांना उभं केलं. पाणी कोणी बदललं, विचारलं. मी म्हणालो, संदेशने. ते खरं होतं. मग विचारलं, ठेवलेलं पाणी होतं की सरळ नळाचं? मी म्हणालो, मला माहीत नाही.

संदेश माझ्याकडे वळला. "अवी, आपण दोघांनीच तं भरली बादली. तू घरी जाऊन आल्याबरोबर, सकाळीच नाही का..." मग थांबला आणि स्वतःच म्हणाला, "नाही, त्याच्या आदल्या दिवशीची होती. तू नव्हता. पण तू पाह्यली ना भरलेली?"

पाहिली होती. सोमवारी सकाळी मी आलो तेव्हा ती भरलेलीच होती. डबा मी तिच्याच शेजारी ठेवला होता.

"मले आठवत नाही," मी म्हणालो.

सरांनी किल्ली त्याच्याकडून घेऊन मला दिली. पुढच्या वर्षी संदेशने प्राणिशास्त्र सोडलं. मी एमएस्सीला आलो. नवीन मुलांना गांडुळं कशी धुवायची ते आता मीच शिकवतो आणि सगळे मन लावून ऐकतात. तो मात्र कधी माझ्यावर रागावला नाही, म्हणून मला त्याचाच संशय येत राहिला. याला कळलंय का? हा कशाची वाट पाहतोय?

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. बहिणीच्या घरी माशांची टाकी आणली होती, भाचे मामाच्या मागे लागले होते. म्हणाला, "मी नाही हात लावत बा. माह्या हातानं मरतात." मग जरा हळू आवाजात विचारलं, "अवी, तवा पाणी मी त्याच दिवशी भरलं असंल का रे? मले आता नक्की आठवतच नाही."

मी म्हणालो, "असंल. जाऊ दे ना, कायले काढतं ते."

"हो, माहीच चूक असंल," तो म्हणाला आणि हसला.

मीही हसलो.