ट्रकचे खांदे

माझे वडील ट्रक चालवत नसत, हाकत. चढ लागला की जिभेनं टकटक करायचे, उतारावर "हो, हो, सबुरीनं" म्हणायचे आणि गाडी जागेवर पोचली की बोनटावर थाप मारून मगच खाली उतरायचे. शेजारी बसलेल्या माणसाला हे सगळं ऐकू जातं, याची त्यांना फिकीर नव्हती. मला मात्र होती. मी त्यांच्या शेजारी बसलो की काच वर करून घ्यायचो.

त्यांचं अर्धं आयुष्य झरीच्या जंगलातून सागाची लाकडं बंडीवर आणण्यात गेलं होतं. बंड्या आणि बैल जंगल कंत्राटदाराचे. साठ-बासष्टच्या सुमाराला त्या शेठनं मिलिटरीच्या लिलावातला एक जुना ट्रक आणला, बंड्या मोडीत काढल्या आणि सगळ्या गाडीवानांतून एकट्या माझ्या वडिलांना गाडी शिकवली. ते पीत नसत आणि जनावराला मारत नसत, एवढंच शेठनं पाहिलं असावं. बाकीचे गाडीवान घरी बसले. मी पांढरकवड्याच्या एका गॅरेजात नुकताच हात बसू लागलेला मिस्तरी होतो, पण आमचं घर चालायचं ते वडिलांच्या स्टेअरिंगवर.

त्या ट्रकची पुढची चाकंही ओढायची. दोन्ही चाकांच्या मध्यावर एकेक चकती होती. ती फिरवली की आतली दातेरी कडी सरकून आसाच्या दात्यांत बसायची आणि चाक इंजिनाला जोडलं जायचं. चांगल्या रस्त्यावर चाकं मोकळी ठेवायची, चिखल आला की उतरून चकत्या फिरवायच्या. गॅरेजात आम्ही त्याला लॉक म्हणायचो. वडील म्हणायचे जू.

पावसाळाभर ट्रक शेठच्या आवारात उभा होता. दसऱ्यानंतर पहिली खेप निघाली आणि झरीच्या अलीकडे एका नाल्यात फसली. वडिलांनी उतरून चकत्या फिरवल्या. मागची चाकं चिखल उडवत राहिली, पुढची ढिम्म हलेनात. शेवटी जवळच्या पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, बैल आणले आणि बैलांनी ट्रक ओढून काढला. शेठचा मुनशी सोबत होता. त्याची एक चप्पल नाल्यातच राहिली आणि तिचाही राग त्यानं वडिलांवर काढला.

"चाकात पानी गेलं आहे. कोन्या नदीत घातली होती गाडी?" तो म्हणाला. "माह्या डोळ्यांदेखत चाक खोलाचं. तुही चूक निघाली तं शेठले सांगून घरीच बसवतो तुले."

ट्रक आमच्याच गॅरेजात आला. दुसरं गॅरेजच नव्हतं. उस्तादनं पुढचं काम माझ्याकडे दिलं. मुनशी स्टुलावर चहा घेऊन बसला आणि वडील पेट्रोलच्या पिंपाजवळ उभे राहिले. त्यांची नोकरी माझ्या पान्यावर आहे हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मी बोल्ट काढले आणि लॉकचं टोपण उचललं. पाणी गेलेलं ग्रीस पांढुरकं होतं, तसं होतंच. आतली कडी गंजून जाग्यावर चिकटली होती, स्प्रिंग तर हातातच मोडली. पण त्या पांढुरक्या चिखलात पिवळ्या रेघा होत्या, आणि वास येत होता तो ग्रीसचा नव्हता. आंबलेल्या लोण्याचा होता, हळदीचा होता. मला एका क्षणात सगळं कळलं.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. लोण्यात हळद कालवून, जू टेकतं तिथं पळसाच्या पानानं लावतात आणि बैलाला सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी नदीवर नेऊन त्याला आंघोळ. माझ्या बापानं हे सगळं ट्रकला केलं होतं. टोपण उघडून, जू जिथं लागतं तिथं.

मी हातातलं फडकं चटकन टोपणावर टाकलं.

"काय निघालं?" मुनशीनं विचारलं.

"आतला नमदा गेला, मुनशीजी. पानी अडवते ते लोकरीचं कडं. जुनी गाडी आहे. त्यातून पानी झिरपलं. डायवरचा काही कसूर नाही."

उस्ताद माझ्या मागे उभा होता. त्यानं पिवळं पाहिलं होतं. पण तो भला माणूस, म्हणाला, "पुराना माल है, साब. ऐसाच होता."

मुनशीनं मान हलवली, कप खाली ठेवला आणि उठला. झालं होतं. अगदी निभावलं होतं. तेवढ्यात पिंपाजवळून आवाज आला.

"नमदा कायले जाईन? नमदा चांगला होता. टोपन मीच खोललं होतं."

मुनशी वळला. "तू? काहून?"

"पोळा होता न," वडील म्हणाले. काहीच विचित्र नसल्यासारखे. "बैलाचे खांदे शेकतो आपन. मंग हा वरीसभर लाकडं ओढते, याचे नाही शेकाचे? लोनी लावलं, आवतन देल्लं. आत एक सडका कागद चिकटला होता, तो काढून फेकला. दुसऱ्या दिवशी गावच्या खुनी नदीत नेऊन चांगला धुतला."

उस्तादनं कपाळावर हात मारला. तो सडका कागद म्हणजे टोपणाचं पॅकिंग. त्याच्यावाचून ट्रक नदीत घातला म्हणजे पाण्याला दारच उघडून दिलं.

"अन् जेवाले काय देल्लं मंग ट्रकले?" मुनशीनं हसू कसंबसं दाबलं होतं.

"पुरनाची पोळी. बोनटावर ठेवली होती."

मग जे हसू फुटलं ते थांबेचना. मुनशी पुन्हा स्टुलावर बसला, पंक्चरवाला आत आला, त्याला पुन्हा सांगण्यात आलं, तोही हसला. उस्तादनंही तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. आणि वडीलही थोडे हसले, सगळे हसताहेत म्हणून. त्या हसण्यानं मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. लोकांचा राग यायला हवा होता, पण मला राग आला बापाचा. आणि लाज. शिकलो असतो तर साहेब झालो असतो अशा तोऱ्यात मी वावरायचो, आणि हा माझा बाप.

मुनशी गेल्यावर मी त्यांच्यावर तडकलो. "बाबा, तुमाले चूप बसता येत नाही काय? मी निभावून नेलं होतं न!"

"माह्या गाडीचं दुखनं म्या नाही सांगाचं तं कोनं? तू नमदाच बदलवत बसला असता."

ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडलो. पुढचं सगळं काम मी त्यांच्याशी न बोलता केलं. बेरिंगं घासलेटात बुडवली, लोण्याचा तो चिकटा ब्रशानं खरवडून काढला. कडीला काचकागद मारून मारून तिचे दाते आसावर सरकते केले. एका बाजूचं बेरिंग खड्डे पडून बाद झालं होतं, ते उस्तादनं एका मोडीतल्या गाडीचं काढून दिलं. स्प्रिंगही तिथलीच. जाड कागद टोपणावर धरून हातोडीनं ठोकत नवं पॅकिंग कापलं. वडील बाजूला उकिडवे बसून बघत होते. मी तळहातावर ग्रीस घेऊन बेरिंगात दाबून भरू लागलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "हेच त याचं लोनी झालं." मी ग्रीस दाबत राहिलो.

संध्याकाळपर्यंत गोष्ट शेठकडे पोचली. रात्री आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शेठनं वडिलांना बंगल्यावर बोलावलं आणि आम्ही नोकरी गेलीच असं धरून चाललो. पण वडील परत आले ते किल्ली घेऊनच. "ठेवलं मले," एवढंच म्हणाले. मी शेठला मनातल्या मनात देवमाणूस म्हटलं.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी शेठचं बोलावणं मलाही आलं, टोपण नीट बसवायला. बंगल्यासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. यवतमाळची, नागपूरची पाहुणेमंडळी आली होती, एकाच्या गळ्यात कॅमेरा होता. ट्रकवर झूल टाकली होती, आरशाला बाशिंग बांधलं होतं. मुनशी सगळ्यांना आधीच गोष्ट सांगून बसला होता. वडील हातात पळसाचं पान घेऊन पुढच्या चाकाशी वाकले, लोणी लावलं आणि हळू आवाजात आवतण दिलं.

"अरे, मोठ्यानं म्हण," शेठ ओरडला. "मागं ऐकू नाही आलं."

वडिलांनी मोठ्यानं म्हटलं. खुर्च्यांवर हशा पिकला. कॅमेरावाल्याचा फोटो हुकला होता, म्हणून वडिलांनी पुन्हा एकदा म्हटलं. मी हातात पाना घेऊन उभा होतो आणि जमिनीकडे बघत होतो. मग टोपण बसवलं, बोल्ट आवळले, आणि आम्ही दोघं घराकडे निघालो.

वाटेत मला राहवेना. "बाबा, ते तुमाले हसून राह्यले होते."

"दिसते मले. डोळे नाही फुटले माहे." थोडं चालल्यावर ते म्हणाले, "मांगं शेठनं बलावलं, तवाच इचारलं होतं त्यानं. दरसाल पाहुन्यांपुढं करून दाखवशीन काय म्हने. नाही म्हनलो असतो तं दुसरा डायवर दारातच उभा होता."

ते थांबले, हाताची पिवळी बोटं धोतराला पुसत राहिले.

"पन आज म्या आवतन मनातून नाही देल्लं रे," ते म्हणाले. "नुसतं तोंडानं म्हनलं. मले ट्रकपुढं लाज वाटली."

पुन्हा चालायला लागल्यावर ते पुढे होते आणि मी मागे राहिलो, कारण त्यांच्या बरोबरीनं चालायचं तोंड मला नव्हतं.