पाणंदीच्या तोंडाशी

आमच्या वस्तीवरून केजच्या रस्त्याला लागायचं तर शेतांमधल्या पाणंदीनं जावं लागतं. पूर्वी ही पाणंद रस्त्याला सपाट मिळायची. रस्ताही तेव्हा असा होता की एसटीसुद्धा बैलगाडीच्या चालीनं जायची. खड्ड्यांना आम्ही सगळेच शिव्या द्यायचो. त्या खड्ड्यांनीच इतकी वर्षं माणसं सांभाळली, हे नंतर कळलं.

मग सिमेंटचा रस्ता झाला. रुंद झाला, तसा उंचही झाला. आमच्या रानाची एक पट्टी त्यात गेली. पाणंदीचं तोंड मात्र होतं तिथंच, खाली राहिलं. जाता जाता कामावरच्या कुणीतरी मुरूम टाकून चढ करून दिला, तेवढंच. आता गाडी वर घ्यायची तर मूठ पिळावी लागते आणि पिळली की गाडी थेट रस्त्यावर जाऊनच थांबते. मधे उभं राहून बघायला जागा नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा दुसऱ्या गावाला, म्हणून रोज सकाळी स्कूटी काढते. आमचे हे नोकरीला संभाजीनगरात असतात, सणावाराला येतात. शेती धाकटे दीर बघतात. दीर, जाऊ आणि मी एकाच वस्तीवर राहतो. चुली वेगळ्या, गोठा एक.

पाणंदीच्या उजव्या हाताला आमचा ऊस आणि डाव्या हाताला वेडी बाभूळ. ऊस गुडघ्याएवढा असतो तोवर काही वाटत नाही. दिवाळी जवळ आली की तो डोक्याच्या वर जातो आणि केजकडून येणारं वाहन दिसायचं बंद होतं. मग कान लावून बसायचं. ट्रकचा आवाज येतो, ट्रॅक्टरचा येतो. हल्लीच्या कारचा येत नाही. मी रोज त्या चढाखाली थांबून हॉर्न वाजवायची, मनात देवाचं नाव घ्यायची आणि मूठ पिळायची. पहिल्या तासाला पोरांना काय शिकवलं, हे त्या दिवसांत मला कधी आठवलं नसेल.

दिरांना मी एकदा म्हटलं, “भावजी, कोपऱ्यातल्या थोड्या सऱ्या यंदा मोकळ्या सोडा ना. काहीच दिसत नाही वर येताना.”

ते पाइप जोडत होते. मान वर न करता म्हणाले, “वहिनी, ऊस काय रस्त्यावर गेलाय व्हय? रस्ताच आपल्या उसात आलाय. आणखी किती सोडायचं?”

त्यांचंही खोटं नव्हतं. पट्टी गेली तेव्हा ते बांधावर नुसते बसून होते, जेवायलाही आले नव्हते. मी पुन्हा विषय काढला नाही. जाऊ हसून म्हणाली, “बाई, तुमी लई भिता. मी तर ह्यांच्या मागं डोळे मिटून बसते.”

ती खरंच तशीच बसायची. सकाळी दीर दुधाच्या किटल्या घेऊन मोटारसायकलवर डेअरीला जायचे. जावेला माहेरी किंवा बाजारला जायचं असलं की ती त्याच फेरीला मागं बसायची. मांडीवर पिशवी, एका हातानं किटलीचा कान धरलेला.

त्या सकाळीही तशीच गेली. मी स्वयंपाकघरात होते. आवाज असा काही मोठा झाला नाही. पत्र्याचं पिंप पडावं तसा झाला. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग दिरांची हाक. ती हाक मला उद्देशून नव्हती, कुणालाच नव्हती.

मी धावत गेले तेव्हा चढावर दूध सांडलेलं होतं. केजकडून टोमॅटोचे कॅरेट भरून एक पिकअप आला होता. त्यानं मोटारसायकलचं पुढचं चाक उडवलं होतं. दीर उसात फेकले गेले, म्हणून वाचले. जाऊ मोटारसायकलखाली सापडली होती. तिचा पाय नको त्या जागी वळलेला होता आणि ती माझ्याकडे बघून पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, “बाई, किटली सांडली बघा.”

पिकअपवाला पळून गेला नाही. त्यानंच कॅरेट खाली ओतले, आम्हाला मागं घेतलं आणि केजला आणलं. तिथून तिला अंबाजोगाईला नेलं. दवाखान्याच्या पायरीवर तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला. तिशीतला माणूस, अंगातला शर्ट टोमॅटोच्या रसानं माखलेला. “मॅडम, आईशपथ, मला दिसलंच न्हाई. उसातनं एकदम निघाले. बिरेक दाबायलाबी सवड न्हाई भेटली.” एवढं बोलून तो रडायला लागला. दीर शेजारीच होते. ते म्हणाले, “जा बाबा तू. तुजा माल ऊन खातोय.”

पायात सळई घातली. जाऊ घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात शेण काढत होते, तर पाणंदीकडून कोयत्याचे घाव ऐकू आले. जाऊन बघितलं. दीर एकटेच कोपऱ्यातला उभा ऊस तोडत होते. ऊस अजून कारखान्याला जायच्या लायकीचा नव्हता. ते मोळ्याही बांधत नव्हते, नुसते आडवे पाडत चालले होते. मी मागून वाढे, उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला लागले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तेच करत राहिलो. जनावरांना पुढं कितीतरी दिवस तोच ऊस पुरला.

मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात त्यांनी हरभरा टाकला. आता चढाखालूनच पार केजकडच्या नळकांडी पुलापर्यंत रस्ता दिसायला लागला. पहिल्यांदा तो तसा बघितला तेव्हा मी स्कूटी बंद करून थोडा वेळ तशीच थांबले. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाचा पाय मोडावा लागतो, याचा राग यायला हवा होता. आला नाही. थकवाच आला नुसता.

डावीकडची बाभूळ राहिली होती. ती सरकारी जागेत. मी बांधकाम खात्याच्या कचेरीत गेले. तिथले कारकून म्हणाले, रस्ता अजून कंत्राटदाराच्या ताब्यात आहे. कंत्राटदाराचा माणूस फोनवर म्हणाला, झाडाला हात लावायचा तर परवानगी लागते. मी म्हटलं, अहो, वेडी बाभूळ आहे ती. तो म्हणाला, झाड ते झाड. ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणाले, मॅडम, तुम्हीच टाका की छाटून, कोण विचारतंय? शेवटी मी आणि दिरांनीच छाटली. काटा रुतून माझा अंगठा सुजला आणि मी आठवडाभर फळ्यावर डाव्या हातानं लिहिलं. पावसाळा सरला तशी ती पुन्हा होती तेवढी झाली. पुन्हा छाटली. हे आता दरवर्षीचं काम.

खरी गंमत पुढं झाली. उजवा कोपरा मोकळा झाला आणि तो सगळ्यांनाच दिसायला लागला. एके दिवशी शाळेतून येते तर तिथं लोखंडी अँगलचा सांगाडा रोवलेला, आणि त्यावर आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवसाचा बॅनर. पुढारी हात जोडून हसताहेत, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंच्या रांगा. उसापेक्षा उंच. उसातून निदान वारा तरी जायचा.

मी आणि दीर त्यांच्या घरी गेलो. नात्यातलेच लांबचे. त्यांनी बसवलं, चहा दिला, जावेच्या पायाची चौकशी केली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, बराबर हाय तुमचं. मी सांगतो पोरांना. उद्याच काढत्येत.” ते खोटं बोलले असं मला वाटत नाही. बॅनर दोन दिवसांनी निघालाही. सांगाडा मात्र तसाच राहिला. त्यावर पुढच्या आठवड्यात निवडीचं अभिनंदन आलं. मग सणाच्या शुभेच्छा. मग कुणाची तरी भावपूर्ण श्रद्धांजली. श्रद्धांजलीचा बॅनर काढा, हे कुणाच्या तोंडावर कसं म्हणायचं?

जाऊ तोवर काठी घेऊन चालायला लागली होती. मोटारसायकलवर मात्र बसत नव्हती. कुठं जायचं झालं तर आधी चढ चालून जायची, रस्त्याच्या कडेला उभी राहून दोन्हीकडे बघायची आणि हात केला की दिरांनी गाडी वर घ्यायची. आधी डोळे मिटून बसणारी ती आता रात्रीचं दार लावतानाही दोनदा बाहेर डोकावायची.

एका रविवारी गावातले तिघं-चौघं जण नवा बॅनर बांधायला आले. चांगले मिशा फुटलेले गडी, गळ्यात उपरणी. मी धुणं वाळत घालत होते. जाऊ काठी टेकत पाणंदीनं निघाली तसं मला काही सुचेना, मीही मागं गेले. ती चढाजवळच्या दगडावर बसली.

“बांधा,” ती म्हणाली. “मी न्हाई म्हनत न्हाई. पर बांधून झालं की तुमच्यातल्या एकानं गाडी घेऊन खाली जायचं आन् पाणंदीतनं वर यायचं. मी इथं बसलेय.”

“कावून, काकू?” एकानं विचारलं.

“मला बगायचंय.”

ते हसले. बॅनर बांधून झाला. त्यांच्यातला जो जास्त बोलत होता, तो म्हणाला, “थांबा बे, मीच येतो.” त्यानं बुलेट खाली नेली, वळवली आणि वर घेतली. चढाच्या माथ्यावर त्याचं पुढचं चाक आलं आणि बॅनरच्या आडून एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला होता. यानं दोन्ही ब्रेक दाबले. बुलेट बंद पडली आणि मुरमावरून मागं घसरत आली. एसटी निघून गेली. बॅनर वाऱ्यानं फडफडला आणि पुन्हा स्थिर झाला. त्या गड्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तो गाडीवरून उतरला आणि जावेच्या शेजारीच खाली बसला.

मी घरातून पाणी आणलं. तो प्यायला. जाऊ त्याला म्हणाली, “मला तर तेवडाबी टाइम न्हवता रे.”

त्यांनी त्याच दुपारी सांगाडा उपटला आणि पुलाच्या पलीकडं नेऊन रोवला. जाताना तो गडी जावेच्या पाया पडला. ती म्हणाली, “पाया काय पडतो, ध्यान ठिव.”

मला वाटलं, आता सुटलो. पण असं काही सुटत नसतं. गावातली ती पोरं आता तिथं काही लावत नाहीत, हे खरं. बाहेरून येणारे लावतात. कधी खताच्या जाहिरातीचा फळा, कधी शिकवणीचा. दीर ते काढून आणतात आणि गोठ्याच्या गळक्या पत्र्यावर टाकतात. कधी तिथं कुणी कडब्याची गाडी उभी करून चहाला जातं. मग शोधत जायचं, विनवायचं, समोरचा म्हणणार, पाचच मिनिटं लावली होती की.

यंदा लागवडीच्या वेळी दीर जेवताना सहज म्हणाले, “ते कोपऱ्याचं रान असंच पडून ऱ्हातंय. ऊस लावावा का परत? आता हाय की सवय सगळ्यांना.”

मीही त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवायला होते. ज्या माणसानं तो ऊस हातानं पाडला, तोच हे म्हणत होता. माणूस विसरतो, आणि विसरल्याशिवाय शेती होत नाही, हेही मला कळतं. जावेनं भाकरी ताटात टाकली. “लावा,” ती म्हणाली, “म्हंजे मला उपटायला काम भेटंल.”

दिरांनी कोपऱ्यात सोयाबीन पेरलं. ते कमरेच्या वर जात नाही.

पाऊस सरलाय. बाभळीचे फोक पुन्हा रस्त्यावर झुकलेत. आज शाळा सुटली की छाटायचेत. दिरांचे गुडघे दुखताहेत, त्यामुळे एकटीनंच. कोयता मी सकाळीच स्कूटीच्या डिकीत टाकलाय, पोत्यात गुंडाळून.