डबीवर विश्वास न ठेवणारे साडू

बऱ्हाणपुरात विकल्या जाणाऱ्या एकाही डबीवरचा मजकूर माझ्या थोरल्या साडूंनी आजवर खरा मानलेला नाही. शनवाऱ्यात राहणारे हे गृहस्थ शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण संशय घेण्यातून काही निवृत्त झाले नाहीत. खिशात भिंग घेऊन ते दुकानात शिरले की दुकानदाराचा चेहरा उतरतो. ‘नैसर्गिक’ हा शब्द दिसला की ते शांतपणे म्हणतात, “धोतराही नैसर्गिकच आहे. देऊ का चमचाभर?” अँटीऑक्सिडंटवाला चहा, अँटीऑक्सिडंटवालं बिस्कीट आणि अँटीऑक्सिडंटवाला साबण ही त्यांच्या मते एकच टोळी. एकदा दुकानदार हात जोडून म्हणाला, “मास्टरजी, लेना हो तो लो, पेपर मत जाँचो.” साडूंनी साबण खाली ठेवला, पण निघताना वेष्टनावरच्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवून आले. आमच्याकडे जेवायला आले तरी हळद पाण्यात टाकून पाहिल्याशिवाय ते वरणाला हात लावत नाहीत. माझी बायको हल्ली पेला आधीच भरून ठेवते.

त्यांची मुलगी कॉलेजात केळ्यांच्या सालींतल्या अँटीऑक्सिडंटवर संशोधन करते. जवळच्या बहादरपुरातून साली आणायच्या, वाळवायच्या, त्यांचा अर्क काढायचा, हे तिचं काम. तिच्यावरही संशय होताच. “परीक्षानळीत चाललं म्हणजे चेहऱ्यावर चालतं का?” त्यांनी विचारलं. “अजून माहीत नाही पप्पा, तेच तर बघतेय,” ती म्हणाली. या उत्तरावर ते खूश झाले, मग आपण इतक्या सहज खूश कसे झालो याचाच त्यांना संशय आला, आणि तिची वही मागून घेऊन त्यांनी सगळी गणितं पुन्हा करून पाहिली.

मागच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा माझी मोठी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, तोंड फिरवून बसल्या होत्या. गालांची कातडी लाल होऊन सोलली होती. मुलीने फार खोदून विचारल्यावर त्यांनी तांदळाच्या डब्यात दडवलेली एक डबी काढली. केशर, चंदन, अँटीऑक्सिडंट, शंभर टक्के नैसर्गिक. चार महिने त्या ते क्रीम लपूनछपून लावत होत्या. डॉक्टर म्हणाले, यात स्टेरॉइड असणार, आजपासून बंद करा, बरं व्हायला वेळ लागेल.

साडूंनी ती डबी हातात घेतली. मग म्हणाले, “मला दाखवायची होतीस.”

“तुम्हाला दाखवलं की तास सुरू होतो,” ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “घरातली प्रत्येक डबी तुम्ही निरखून बघता. माझ्याकडे बघून किती दिवस झाले?”

साडूंनी डबी खाली ठेवली. मुलगी उठून आत गेली. मी उगीच चपला शोधू लागलो.

आता चेहरा पुष्कळ सुधारला आहे, डाव्या गालावर तेवढा एक फिकट डाग राहिलाय. डॉक्टरांनी दिलेलं मलम साडू स्वतः लावून देतात. परवा लावून झाल्यावरही ते तिथेच बसून राहिले.

“काय बघताय?” ताईंनी विचारलं.

“काही नाही,” असं म्हणून ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, “लग्नात ही फार सुंदर दिसत होती. तुम्ही तेव्हा आमच्यात आला नव्हता.”

ताईंनी ऐकलं. “हे त्यांना काय सांगता, मला सांगा की,” त्या म्हणाल्या.

साडूंनी दोनदा घसा खाकरला. तेवढं मात्र त्यांना अजून जमलेलं नाही.