कोयता आणि दोन मडकी

आईवडिलांनंतर मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर नंबरसाहेबांचा. नाशिकच्या एका विमा कचेरीत ते मोटारींचे दावे पाहत. समोर कुणीही येऊन बसलं, अगदी रडत असलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "गाडीचा नंबर?" त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आग्रा रोडवर घोटीजवळ एका ट्रकने वडिलांची सायकल उडवली. ट्रक थांबला नाही. वडील दोन दिवसांनी गेले. मागे कॅरिअरवर बसलेली आई वाचली. घरात दोन धाकट्या बहिणी. भरपाई मिळाली नाही, तर कॉलेज सोडून मला हमालीला लागावं लागणार होतं.

साहेबांनी आम्हाला खोटी आशा दाखवली नाही. आमच्या आधी एक व्यापारी येऊन गेला होता. त्याच्याही मोटारीला कुठल्यातरी ट्रकने ठोकून पळ काढला होता. पण पूर्ण विमा असल्याने त्याला पत्रा, काच, दिवा सगळं भरून मिळणार होतं. मग आम्हाला का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "त्यांनी स्वतःच्या गाडीचा विमा काढला होता. तुमच्या वडिलांसाठीचा विमा त्या ट्रकच्या कागदात आहे. ट्रकच सापडला नाही, तर मागणार कुणाकडे?"

मग आईला नेहमीचा प्रश्न. आईनं नंबर पाहिला होता. तिला तो वाचता येत नव्हता.

"चिखल लय होता, साहेब. शेवटाला कोयत्यावानी एक, अन् मग एकावर एक दोन मडकी."

त्यांनी कागदावर इंग्रजी सात आणि आठ काढले. आईनं मान हलवली. मग ते माझ्याकडे वळले. "कॉलेजात जाता ना? आईला आकडे का नाही शिकवले?"

 

दावा लावायला सहा महिन्यांची मुदत होती. दर रविवारी साहेब मला घेऊन ट्रक उभे असत तिथे हिंडत. हा माणूस कंपनीचा पगार खातो आणि कंपनीवर दावेदार आणून सोडतो, असे टोमणे कचेरीत चालत. ते एवढंच म्हणत, "हप्ता याच दिवसासाठी घेतला ना?"

पाचव्या महिन्यात नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ तसा ट्रक सापडला. शेवटी सात-आठ, बंपर नवा. आईला आणलं. तिनं ट्रककडे नीट पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाच हाय. कोर्टात सांगते मी."

ट्रकचा मालक मनमाडचा होता; साहेब तिथे जाऊन चौकशी करून आले. अपघाताच्या दिवशी तो ट्रक तिथल्या गॅरेजात इंजिन उतरवून उभा होता. मी गयावया केली : पैसे कंपनीच देणार, ड्रायव्हरचं काय जातं?

"तो तुरुंगात जाईल," ते म्हणाले. "त्याच्याही घरी कुणीतरी असेल. हे माझ्याकडून होणार नाही."

त्या दिवशी मला त्यांचा तिरस्कार वाटला.

मुदत संपली तेव्हा दाव्याच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर त्यांनी शून्य ते नऊ मोठे आकडे काढून दिले. "दुसरं काही देता आलं नाही. हे आईला शिकवा." पुढे त्यांनीच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मला सकाळचं काम मिळवून दिलं, म्हणून मी पदवीधर झालो. निवृत्तीनंतर ते मनमाडला मुलीकडे गेले. काही वर्षांनी मी त्यांना हे पत्र टाकलं :

"ती. साहेबांस, सा. न. वि. वि.

पळून गेलेली गाडी सापडली नाही, तरी मेलेल्याच्या घरी आता थोडी रक्कम मिळणार, असं पेपरात वाचलं. आमच्यासारख्या जुन्या अपघातांना ते लागू नाही.

आईला आकडे चांगले येतात. आम्ही आता आडगाव नाक्याजवळ राहतो. संध्याकाळी ती रस्त्याकडेला उभी राहून ट्रकचे नंबर मोठ्यानं वाचते. शेवटी सात-आठ आले की मला हाक मारते. मी दर वेळी बाहेर जातो, बघतो आणि 'हा नव्हे' म्हणतो.

मुदत संपल्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. आपण एकदा येऊन सांगाल का?"